पलीकडच्या वर्गातला खेळ

फळीच्या भिंतीपलीकडे पुन्हा हशा उसळला आणि थोरल्या बाईंच्या हातातला खडू मोडला.

सत्तावीस वर्षांची नोकरी. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी त्यांची शिस्त. पलीकडे यंदाच आलेली नवी बाई पोरांपुढे मोडकी छत्री धरून विचारत होती, कापड फाटलेल्या छत्रीचं काय काय करता येईल? कुणी तिच्यावर मोजे वाळत घालत होतं, कुणी वेल चढवत होतं. चुकीचं उत्तर म्हणून नव्हतंच. असले खेळ रोज चालायचे आणि मुख्याध्यापक कौतुकानं दारात उभे राहायचे. थोरल्या बाईंच्या पोटात दुखायचं. गोंगाटाची तक्रार त्यांनी दोनदा केली. मुख्याध्यापकांनी ती हसण्यावारी नेली.

त्या कल्लोळात एक आवाज त्यांना फार लागायचा. शिंप्याची मुलगी. गेल्या वर्षी त्यांच्याच वर्गात होती, वर्षभर तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता. 'मठ्ठ' हा शेरा त्यांनीच लिहिला होता. तीच आता घडाघडा बोलत होती.

मग नव्या बाईनं तापानं अंथरूण धरलं. आपल्या पोरांना उतारा लिहायला लावून थोरल्या बाई पलीकडे गेल्या, पाढे म्हणायला सांगितले. पोरांनी म्हटले, पण मरगळून. शिंप्याची मुलगी उभी राहिली, खेळ घ्या म्हणाली.

"मला नाही येत तसले खेळ," बाई फटकन म्हणाल्या.

"सोपं आहे, बाई. तुम्ही फक्त विचारायचं. उत्तर तुम्हाला माहीत नसलं तरी चालतं."

बाईंना राग आला. पण तोंडून भलतंच निघालं. "शिकवता शिकवता माझा आवाजच गेला, तर मी काय करायचं?"

हात वर झाले. घंटा वाजवा, चित्रं काढा. डोळे वटारले तरी पुरे, असं कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खदखदला. बाईंनाही हसू आवरेना. मग ती मुलगी म्हणाली, "आम्ही बोलू. तुम्ही ऐका."

तास संपला तरी हात वरच होते.

तिसऱ्या दिवशी नवी बाई कामावर आली. पोरांनी त्रास नाही ना दिला, काय घेतलंत, तिनं आपुलकीनं विचारलं.

"पाढे," थोरल्या बाई म्हणाल्या.

"बरं झालं. माझ्याकडून ते राहूनच जातात."

थोरल्या बाई आपल्या वर्गात शिरल्या तशी चाळीस पोरं उभी राहिली, हात बांधून, गप्प. खाली बसा म्हणायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही.