काड्यापेटीतली वजनं

“मॅडम, आज तुमीच तोला,” असं म्हणून शिपाई श्रीपालनं वजनं उचलायचा चिमटा पुढं केला, तेव्हा प्रियदर्शनी मॅडमना हसूच आलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला तो काचपेटीतला तराजू म्हणजे श्रीपालची खासगी मालमत्ता. खुद्द मुख्याध्यापकांनी हात लावला तरी हा बाबा फडकं घेऊन मागं उभा राही. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यानं चिमटा दुसऱ्याच्या हाती दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

“काय ओ मामा, शेवटचा आठवडा म्हणून रुसलासा काय?”

“रुसतोय कशाला?” नववी ब यायला अजून तासभर होता, तरी श्रीपालनं एकदा दाराकडं पाहिलं. मग खिशातून काड्यापेटी काढून टेबलावर उघडली. आत चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाचे बारीक तुकडे होते. “ही माझी वजनं. कुणाला सांगितलो न्हाय आजवर. जाताना तरी सांगावं म्हटलं.”

प्रयोग दरवर्षीचाच. बूच लावलेल्या काचपात्रात एक द्रावण, आणि आतच दोऱ्यानं टांगलेल्या नळीत दुसरं. आधी पात्र तोलायचं, मग तिरकं करून द्रावणं मिसळायची. आत दुधासारखं पांढरं होतं. पुन्हा तोललं की वजन तेवढंच भरायला हवं, कारण द्रव्य नाहीसं होत नाही. याच पायावर पुढं डाल्टनचा अणू उभा राहिला, असं मॅडम वर्गात सांगत.

श्रीपालच्या पहिल्याच वर्षी वजन कमी भरलं होतं. “वजन खाल्लंस काय रे?” तेव्हाचे विज्ञानाचे उदयसिंह सर भरवर्गात गरजले आणि पोरं खिदळली. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा श्रीपाल कानापर्यंत लाल झाला. पुढच्या वर्षीही काटा ढळला, तेव्हा काचेचं दार लावायच्या निमित्तानं त्यानं कागदाचा तुकडा पारड्यात सरकवला. सर खूश झाले आणि श्रीपाल कायमचा अडकला.

पोरांना फसवल्याचं दुःख होतंच, पण त्याखाली आणखी एक होतं. कुरुंदवाडजवळच्या त्याच्या गावात, जैन बस्तीतल्या, म्हणजे मंदिरातल्या, प्रवचनात, परमाणू कधी नष्ट होत नाही हे त्यानं लहानपणीच ऐकलं होतं आणि मनापासून मानलं होतं. त्या अविनाशी परमाणूला दरवर्षी आपण कागदाचा टेकू देतो, हे त्याला फार लागायचं. सीताबाईलाही, म्हणजे बायकोलाही, त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

“मी नववीत होते तवाबी?” मॅडमनी हळूच विचारलं.

“व्हय.”

वीस वर्षांपूर्वी याच टेबलापाशी टाचा उंचावून मॅडमनी काटा मधोमध थांबताना पाहिला होता. त्या दिवशी त्यांनी विज्ञान शिकायचं ठरवलं होतं, आणि ती गोष्ट त्या दर वर्षी वर्गाला कौतुकानं सांगत. त्यांना राग आला. पण समोरच्या माणसाची मान इतकी खाली गेली होती, की तो राग काढायचा कुणावर हेच त्यांना कळेना.

“चला,” त्या उठल्या. “बिनकागदाचं करून बघू.”

श्रीपाल नेहमीसारखा कामाला लागला. पात्रात आधी डोकावून पाहिलं. दोन्ही द्रावणं भरली, बूच बसवलं, मग अख्खं पात्र नळाखाली धरलं आणि ओल्या फडक्यानं निगुतीनं पुसलं. मॅडमनी तोललं. पात्र तिरकं केलं, आत पांढरं झालं. एरवी इथं फळ्यावर समीकरण होई, पाव तास जाई. आज दोघं पंख्याखाली नुसतीच बसून राहिली. मग मॅडमनी पुन्हा तोललं.

काटा ढळला. वजन कमी होतं.

“बघितलासा?” श्रीपालनं हातातलं फडकं टेबलावर टाकलं. “माझ्याच हातात काय तर खोट हाय. सर म्हणत हुते ते खरंच.”

मघाशी पात्र टेकवलं होतं तिथं टेबलावर पाण्याचं गोल कडं उमटलं होतं, त्याकडं मॅडम बघत होत्या.

“मामा, बूच लावल्यावर धुता कशाला?”

“बुचाच्या खाचंत मुंगी असती एखादी. तोलताना चिरडायची. उगं जिवाला दुखापत नगो.”

“दरवर्षी धुता?”

“पैल्यापास्नं.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “अहो मामा, पैल्यांदा तोलताना भांडं वलं, दुसऱ्यांदा वाळल्यालं! कमी भरतंय ते तुमचंच पाणी हाय की!”

श्रीपालनं टेबलावरच्या ओल्या कड्यावरनं बोट फिरवलं. “मग ते पाणी गेलं कुठं?”

“वाफ होऊन हवेत. हितंच, या खोलीत.”

“म्हंजे काय गेलंच न्हवतं?”

“कायसुदिक गेलं न्हवतं.”

तो स्टुलावर बसला. खोट हाताची नव्हती, परमाणूची नव्हती, पोरांना दाखवलं तेही खोटं नव्हतं. एवढं कळायला एकतीस वर्षं लागली, आणि ती वर्षं काही परत तोलता येणार नव्हती. त्याला रडावंसं वाटलं, पण बाहेर नववी ब दंगा करत रांगेत उभी राहिली होती.

“मी जे पायलं हुतं, ते खरंच हुतं मग,” मॅडम स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी चिमटा परत त्याच्या हातात दिला. “मामा, तुमीच करा.”

पोरं आत आल्यावर श्रीपालनं नवं पात्र भरून घेतलं. चष्मा पुसून बुचाची खाच दोनदा तपासली. एक मुंगी होतीच. ती त्यानं कागदावर घेऊन खिडकीत सोडली. मग पात्र कोरड्या फडक्यानं पुसलं, तोललं, तिरकं केलं. मॅडमचं समीकरण संपल्यावर पुन्हा पारड्यात ठेवलं आणि तो दोन पावलं मागं सरला.

काटा डावीकडं गेला, उजवीकडं गेला, पुन्हा डावीकडं थोडा गेला. श्रीपालचा हात सवयीनं खिशाकडं गेला आणि तिथून परत आला. काटा मधोमध थांबला.

“मामा,” पुढच्या रांगेतली संयोगिता, सगळ्यात शंकेखोर पोरगी, डोळे बारीक करून म्हणाली, “तुमी काय तर केलासा न्हवं?”

वर्ग हसला. मॅडमनी चमकून श्रीपालकडं पाहिलं.

श्रीपालनं दोन्ही हात पुढं केले, आणि तळवे उघडून पोरांना दाखवले.