नाना नावाड्याची धून

"इथे. आता ऐका हं," असं म्हणून खांबेटे बाईंनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

आधी पाण्याचा आवाज आला. मग वल्ह्याचा. मग क्लॅरनेटवर धून सुरू झाली आणि तिसऱ्या सुरावर थांबली. पुढे काहीच नाही, नुसतं पाणी.

बाईंनी टेप बंद केला आणि गुणाजीकडे पाहिलं. "का थांबलात तिथे?"

गुणाजी तरे खाटेच्या कडेवर बसला होता. त्याने कलावतीकडे पाहिलं. कलावती चहाचे कप हातात घेऊन दारातच उभी राहिली होती. तिलाही उत्तर ऐकायचं होतं.

"थांबलो खरा," गुणाजी म्हणाला.

"तेच विचारतेय मी. नाना नावाडी धक्क्यावर येतो. त्याची होडी भावानं परस्पर विकलेली असते. तो मोकळ्या खुंटाकडे बघतो, आणि त्याची धून सुरू होऊन अर्धीच राहते. चारही चित्रपटांत मिळून तेवीस वेळा येते ती. मी मोजलीय, वहीत लिहून ठेवलंय सगळं. पण ही जागा वेगळीच. माझे यजमान गेले ना, तेव्हा महिनाभर मला रडूच येत नव्हतं. मग व्हीसीआर भाड्याने आणून मुलाने हा चित्रपट लावला, आणि इथे आल्यावर मी रडले." बाई हे शाळेत धडा समजावून सांगावा तशा सरळ सांगत होत्या. डोंबिवलीच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. "म्हणून म्हटलं, ज्या माणसानं ती वाजवली त्यालाच विचारावं."

गुणाजीने चहा बशीत ओतला.

बाईंचं म्हणणं असं होतं की पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये एक छोटा कार्यक्रम करायचा. धुनेच्या आवडत्या चार जागा टेपवर ऐकवायच्या आणि मग गुणाजीरावांनी दोन शब्द बोलायचे. वाजवता आलं तर उत्तमच.

"वाजवायचं नाही जमणार," कलावती म्हणाली. "पुढचे दोन दात पडलेत ह्यांचे. पण बोलतील की. काय हो?"

गुणाजीने मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बाईंनी होकार धरला.

बाई रिक्षात बसून गेल्यावर कलावती म्हणाली, "बघा. अकरा वर्षांनी का होईना, घर शोधत कोणतरी आलं."

*

ब्याऐंशी साली गुणाजी कल्याणच्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत होता. लग्नसराईत दिवसाला दोन-दोन वराती, एरवी खाडीवर भावाबरोबर जाळं. एक दिवस मास्तरांना मुंबईहून निरोप आला, की एका सिनेमाच्या रेकॉर्डिंगला क्लॅरनेटवाला हवा आहे, नेहमीचा आजारी पडलाय. मास्तरांनी गुणाजीला पाठवलं.

काचेच्या खोलीत त्याला एकट्याला उभं केलं होतं. संगीतकाराने पेटीवर एक छोटी धून वाजवून दाखवली, अकरा सुरांची. कुणीही एकदा ऐकून गुणगुणावी अशी. मग त्याने ती दहा-बारा तऱ्हांनी वाजवून घेतली. "हसत वाजव. आता दमून वाजव. आता असं वाजव, की माणूस घरी आलाय आणि घरात कोणी नाहीये." गुणाजी वाजवत गेला. एकदा मध्येच चहावाल्याने दार उघडलं, म्हणून तो थांबला. "परत घ्या," असं कोणीतरी म्हणालं. संध्याकाळी पाकीट घेऊन तो घरी आला.

'नाना नावाडी' लागला आणि चालला. दोन वर्षांनी 'नाना नावाडी परत आला' निघाला. मग तिसरा, मग चौथा. दर वेळी नाना पडद्यावर यायच्या आधी ती धून यायची आणि थिएटरात टाळ्या पडायच्या. वस्तीत गुणाजीला सगळे 'नानाची धून' म्हणूनच ओळखू लागले. वरातीत लोक दुसरं काही वाजवू देईनात. टायटलमध्ये नुसतंच 'वाद्यवृंद' लिहिलेलं असायचं, त्याचं नाव नव्हतं. पण वस्तीला त्याची गरज नव्हती.

अठ्ठ्याऐंशी साली विठ्ठलवाडीला एक लग्न होतं. मुलीकडचा बँड कल्याणचा, मुलाकडचा ठाण्याचा. मांडवाच्या दाराशी ठाण्याच्या क्लॅरनेटवाल्याने नानाची धून काढली. फार छान काढली. जेवणाच्या पंगतीला गुणाजी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसला. काळुराम नाखवा, चेंदणी कोळीवाडा. उंच, काळा, हसरा माणूस.

"ती धून सिनेमात मी वाजवलेली आहे," गुणाजी म्हणाला.

काळुरामने घास खाली ठेवला. "तू? अरे, मी वाजवलीय ती. मला बोलावलेलं ना स्टुडिओत."

दोघांनी दिवस जुळवून पाहिले. गुणाजी मंगळवारी गेलेला, काळुराम त्याच्या पुढच्या मंगळवारी. काळुरामलाही 'हसत वाजव, दमून वाजव' सांगितलं होतं. त्यालाही एकदा मध्येच खोकल्याची उबळ आली होती आणि तो थांबला होता.

"मग त्यांनी कोणाचं घेतलं?"

"दोघांचं तुकडे तुकडे घेतलं असेल," काळुराम म्हणाला आणि हसत सुटला. "पुढच्या सिनेमांना बोलावलंच नाही रे कोणाला. त्याच पट्ट्या कापून लावत असतील."

गुणाजीही हसला. पण त्या दिवसापासून सिनेमा ऐकताना त्याचं काहीतरी बिनसलं. आधी प्रत्येक सूर त्याला आपला वाटायचा. आता एकही खात्रीने आपला वाटेना. चौथ्या सिनेमाला तो डोळे मिटून बसला होता आणि तरी त्याला कळलं नाही. हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. मग बँजो पार्ट्या आल्या, बँड बंद पडला, दात पडले. गुणाजी भाजीच्या घाऊक बाजारात वजनकाट्यावर बसू लागला आणि विषय मागे पडला होता.

*

बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी तो ठाण्याला गेला. काळुरामला विचारायचं, दोघांनी मिळून काय ते ठरवायचं, असं त्याच्या मनात होतं. जमलं तर त्यालाच स्टेजवर पुढे करायचं.

चेंदणीत घर लगेच सापडलं. ओट्यावर एक बाई सुकट निवडत बसली होती. ती काळुरामची बायको, मालन.

"ते गेले," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी. तुम्ही कोण?"

"बँडमधला. कल्याणचा. लग्नात गाठ पडलेली एकदा."

तिने पाट सरकवला, पाणी आणून दिलं. गुणाजी पाणी पीत राहिला. मग मालनच बोलू लागली. शेवटचे चार महिने काळुराम अंथरुणावर होता. कूस बदलायलाही माणूस लागायचं.

"पण शनिवारी टीव्हीवर सिनेमा असायचा ना, त्यात एकदा नाना नावाडी लागला. तर आपले आपण उठून बसले. मला म्हणतात, आवाज कर मोठा, आता मी येतो." तिने सुकटीतला कचरा बाजूला काढला. "आणि धून लागली की बोट दाखवायचे. हा मी. हा मी. एका ठिकाणी ती अर्धीच राहते बघा, होडी विकलेली असते तिथं. तिथं जास्त खूश झाले. म्हणाले, मी खोकलोय इथं, खोकला कापलाय त्यांनी."

गुणाजीने रिकामा पेला खाली ठेवला.

"तुम्ही काय वाजवायचा?"

"क्लॅरनेटच."

"मग तुम्हाला ठाऊक असेल. खरंच ह्यांनी वाजवलेली का हो ती? आमचे दीर म्हणतात, काहीही सांगायचा. टायटलमध्ये नाव कुठंय?"

"वाजवलेली," गुणाजी म्हणाला. "त्यांना बोलावलेलं. मला म्हणालेले ते."

ते खोटं नव्हतं. तरी उठताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं, आणि चोरी नेमकी कोणाची, हेही कळेना. ओटा उतरून तो परत फिरला आणि रविवारच्या कार्यक्रमाचं सांगितलं. शाळेचं नाव सांगितलं, स्टेशनवरून कसं यायचं तेही सांगितलं.

घरी येऊन त्याने कलावतीला सगळं सांगून टाकलं. विठ्ठलवाडीचं लग्नही.

कलावतीने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही वाजवलेलंच नाही?"

"वाजवलंय. पण सिनेमात कुठलं माझं न् कुठलं त्याचं, ते ठाऊक नाही."

"सगळंच त्याचं असलं तर?"

"असेल."

"किंवा सगळं तुमचं."

"तेही असेल."

"मग मी इतकी वर्षं कोणाला ऐकत होते?" तिने विचारलं. रागावून नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता. तिने तवा उतरवला. "ते काही असो. स्टेजवर माझं म्हणून सांगा. तो माणूस तर गेला."

*

रविवारी हॉलमध्ये साठेक माणसं होती. कलावती पहिल्या रांगेत नवीन लुगडं नेसून बसली होती. मालन उशिरा आली आणि मागे दाराजवळच्या खुर्चीवर टेकली.

खांबेटे बाईंनी मोठे स्पीकर मागवले होते. एकेक जागा सांगून त्या टेप लावत होत्या. पहिल्या चित्रपटात नाना पुराच्या पाण्यातून बाळंतिणीला पलीकडे नेतो, तेव्हाची धावती धून. तिसऱ्यात खलनायक तीच धून शीळ घालून वाजवतो, ती ऐकून नानाची मुलगी दाराला कडी लावते. चौथ्यात मुलीच्या वरातीत बँड तीच वाजवतो, आणि म्हाताऱ्या नानाला ती आपली आहे हे आठवतच नाही. लोक मान डोलवत होते, कुणी हळूच डोळे पुसत होतं. गुणाजी स्टेजवरच्या खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. धावती धून आपली वाटली. मग वरातीतली वाटली. मग दोन्ही नाही.

"आणि आता माझी सगळ्यात आवडती," बाई म्हणाल्या.

पाणी. वल्हं. एक, दोन, तीन सूर. तिसऱ्या सुराच्या शेवटी, अगदी बारीक, काहीतरी करकरलं.

गुणाजी ताठ बसला. घरच्या टेपवर हे ऐकू आलं नव्हतं. बिजागरीचा आवाज होता तो. चहावाल्याने दार उघडलं होतं. खोकला नाही, दार. ही माझी. इतरांचं माहीत नाही, पण ही माझी.

मग वाटलं, का दुसरी एखादी होडी करकरली? धक्क्याला होड्या बांधलेल्या असतातच. आवाज दाराचा की लाकडाचा, हे कसं ठरवायचं?

बाईंनी त्याच्यापुढे माईक धरला. "गुणाजीराव, मी तुम्हाला त्या दिवशी विचारलं होतं. आज सर्वांसमोर सांगा. इथे का थांबलात?"

गुणाजी उभा राहिला. पहिल्या रांगेतून कलावतीने त्याला डोळ्यांनीच 'बोला' म्हटलं. मागे मालन पदर तोंडाशी धरून बसली होती.

"बाई, ही मी नाही वाजवली," तो म्हणाला. "आम्ही दोघं होतो. मी, आणि ठाण्याचे काळुराम नाखवा. काही तुकडे माझे आहेत, काही त्यांचे. कुठले कोणाचे ते आम्हालाही कधी नीट कळलं नाही. पण ही जागा काळुरामची आहे. ते का थांबले, ते मी नाही सांगू शकत. ते दिवाळीच्या आधी गेले. त्यांची बायको आलीय. तिथं, दाराजवळ."

माणसं वळून बघू लागली. मालन गोंधळून अर्धवट उठली आणि परत बसली. खांबेटे बाईंनी माईक खुर्चीवर ठेवला. मग त्या स्टेजच्या पायऱ्या सावकाश उतरल्या, खुर्च्यांमधून मागे गेल्या आणि त्यांनी मालनचे दोन्ही हात हातांत घेतले. त्या काय बोलल्या ते कोणाला ऐकू आलं नाही.

*

डोंबिवली स्टेशनवर दुपारची सामसूम होती. तिघं जिन्याखालच्या बाकाजवळ थांबली. कलावती हॉलपासून एक शब्द बोलली नव्हती. ती बाकाच्या एका टोकाला बसली, मालन दुसऱ्या टोकाला. गुणाजी खांबाला टेकून उभा राहिला.

"खरंच त्यांची होती का हो ती?" मालनने खालच्या आवाजात विचारलं.

गुणाजी काही बोलायच्या आत कलावती म्हणाली, "होती म्हणजे? वाजवणाऱ्याला कळतं ते."

मग ती बाकावर मालनकडे वळली.

"लग्नसराईत ओठ सुजायचे का त्यांचे?" कलावतीने विचारलं.

"सुजायचे म्हणजे काय. चहा गार करून द्यावा लागायचा."

"मिठाचं पाणी तर ओठाला लावूच द्यायचे नाहीत."

"आणि झोपेत बोटं हलायची. छातीवर."

"हलायची, हलायची. मी म्हणायचे, आता तरी ठेवा ते."

"रागवायचे मग?"

"हसायचे. परत हलायची."

त्या एकमेकींकडे सरकत गेल्या होत्या. आता कोण कोणाविषयी बोलतंय याचा मेळ गुणाजीला लागेना. तिखट बघून उठून जाणारा, वरातीहून आल्यावर पाय धुवायच्या आधी पिशवीतून वाद्य काढून पुसणारा, तो आपण की काळुराम? त्याने एकदोनदा आठवून पाहिलं आणि सोडून दिलं.

ठाण्याकडे जाणारी गाडी लागली. दोन-चार माणसं चढली. मालनने सांगता सांगता थांबून गाडीकडे पाहिलं, मग कलावतीकडे.

"मग काय झालं?" कलावतीने विचारलं.

मालन सांगू लागली. गाडी सुटली.