पाठ घासलेली कवडी

बुधरीनं कवडी तळहातावर उलटी केली आणि चुलीच्या उजेडात धरली.

"बायनाबाई, समुद्रातून पाठ घासूनच निंगते का वं कवडी?"

बायनाबाईंचा डाव वरणातच थांबला. सुईदोरा ओवता यावा म्हणून कवडीची फुगीर पाठ घासतात ते बाजारवाले. आश्रमशाळेच्या या स्वयंपाकीणबाईंनी ती कवडी धानोऱ्याच्या बाजारातूनच घेतली होती आणि समुद्रातली म्हणून बुधरीला दिली होती. खोटं बोलणं त्यांचं कामच नव्हे. पहिल्याच फटक्यात पकडल्या गेल्या.

बुधरी तिथलीच कामाठी; एका चुलीपुढे दोघींची उमर गेलेली. माघात बुधरीच्या पोरीचं, रुखमाचं लगीन होतं. नाचताना डोक्याला बांधायची आजीची कवड्यांची पट्टी जपून ठेवलेली, पण ऐन कपाळावरची कवडी गळाली होती. कवडी समुद्रातून येते, असं आजी सांगायची. तो समुद्र मात्र घरात कोणीच पाहिला नव्हता. बायनाबाई दर सहा डिसेंबरला बाबासाहेबांना वंदन करायला दादरला जात. "तुमचे बाबासाहेब समुद्राच्या कडेलेच हायेत ना? मंग तुह्या हातानं एक कवडी आणजो," एवढंच बुधरीनं मागितलं होतं.

"लय पाह्यलं वं बुधरे," बायनाबाई रडकुंडीला आल्या. "पांढरं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवलं. एक कवडी नाई गवसली. तुले काय तोंड दाखवू म्हणून..."

"काहीच नाई गवसलं?"

त्यांनी कमरेची चंची सोडली. आतून एक शंखुली निघाली. शेताच्या धुऱ्यावरच्या गोगलगाईएवढी, मातकट, कडेचा टवका उडालेली. "हे काय देण्यासारखं होय?"

बुधरीनं ती नाकाशी नेली.

"असा वास येते समुद्राले?" म्हणाली आणि डोळे पुसले. चुलीचा धूर होताच.

लग्नात रुखमा नाचली, तेव्हा पांढऱ्या कवड्यांच्या मधोमध ती मातकट शंखुली होती. बायांनी नावं ठेवलीच. "आमच्या बायनाबाईनं समुद्रातून आणली," बुधरी एकेकीला धरून सांगत होती.

पुढच्या डिसेंबरात तिनं ती बाजारची कवडी बायनाबाईंच्या पदराला बांधली. "हिले घरी सोडून ये वं. किती वर्सं झाली असन, माहेर नाई पाह्यलं बिचारीनं."

दादरला वंदन झाल्यावर बायनाबाई पाण्यात उतरल्या. कवडी सोडली. लाटेनं ती पुन्हा त्यांच्या पायाशी आणून टाकली.

"जा बाई, लाजू नोको. तुहंच घर होय," त्या म्हणाल्या, आणि कवडी उचलून, लुगडं भिजवत आणखी आत गेल्या.