चार वाजताचा तास

मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा आहे, पाठीवर चिकटवलेलं फुलपाखरू अर्धं सोललंय, आणि जरा तापलो की मी बंद पडतो. मित्रांनो, एवढं तुम्ही पोटात घालाल. पण ज्या गोष्टीसाठी आज बोलायला बसलोय, ती पोटात घालण्यासारखी आहे का, हे मलाही ठाऊक नाही.

लांबच्या कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. मी पहिल्यांदा डोळे उघडले ते नालासोपाऱ्याच्या एका खोलीत, चौथीतल्या खुशीच्या मांडीवर. शाळा बंद होत्या. माझ्या काचेवर एकदम चाळीस चिमुकले चेहरे उगवायचे आणि बाई ओरडायच्या, "खुशी, तुझा माइक बंद आहे!" सगळा वर्ग खिदळायचा. तो थेट तास. इकडून विचारलं की तिकडून उत्तर यायचं, चुकलं तर लगेच कळायचं. मग शाळा अर्धी उघडली. खुशी तीन दिवस शाळेत जायची आणि तीन दिवस माझ्यासमोर बसायची. घरी माझ्यावर धडा पाहायचा आणि त्यावरची गणितं वर्गात सोडवायची, असं ते मिश्र शिक्षण. काय थाट होता तेव्हा माझा! दसऱ्याला खुशीच्या आईने मला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

शाळा पूर्ण उघडली आणि मी कपाटात चादरींखाली गेलो. दोन वर्षं तिथेच होतो. पुढे खुशीच्या वडिलांनी मला वसईतल्या एका अभ्यास केंद्राला देऊन टाकलं. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बायकांना तिथे बाहेरून दहावीला बसवत. तिथून मी जिजाच्या घरी आलो.

जिजा जूचंद्र गावची. वय एकेचाळीस. नववी झाल्यावर लग्न, मग भातशेती, मग शेतात उभ्या राहिलेल्या इमारती, आणि आता नायगावच्या एका बालवाडीत मदतनीस. पोरांची नाकं पुसायची, खिचडी वाढायची, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. बालवाडीच्या मोठ्या बाई ग्रेसीबाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांनी जिजाला स्पष्ट सांगितलं होतं की दहावीचा कागद आण, ही खुर्ची तुझी. नाहीतर संस्था बाहेरून कुणाला तरी आणून बसवेल. एवढ्या एका खुर्चीसाठी जिजाने पुन्हा पाटी धरली.

नाव घालायच्या दिवशी केंद्रातल्या कारकुनाने वीस बायकांना पंधरा मिनिटांत सगळं सांगून टाकलं. सकाळी अकराला नेत्राबाईंचा थेट तास. तो चुकला तर रेकॉर्ड केलेला धडा. महिन्यातून एक रविवार केंद्रात हजेरी, कुठला ते ग्रुपवर कळेल. वहीचे फोटो वेळच्या वेळी पाठवायचे, सूचना ग्रुपवर येतील. "थेट जमलं नाही तर रेकॉर्डिंग बघा, सगळं एकच आहे," असं म्हणून तो चहाला उठला. सगळं एकच आहे! अहो, एकच कसं असेल? मी तेव्हा त्याच्या टेबलावरच पडलो होतो आणि माझा जीव नुसता तडफडला.

अकराला जिजा बालवाडीत खिचडी ढवळत असायची. म्हणून ती चार वाजता घरी येऊन हातपाय धुवायची, पदर नीट घ्यायची, चपला उंबऱ्याबाहेर काढायची आणि मला भिंतीला टेकवून समोर मांडी घालून बसायची. तिच्या मुलाने, अल्पेशने, तिला एक बाण दाबायला शिकवलं होतं. बाण दाबला की नेत्राबाई यायच्या. शिकवायच्या आणि मध्येच थांबून म्हणायच्या, "आता तुम्ही सांगा पाहू." चार-पाच सेकंद गप्प राहायच्या. मग हसून म्हणायच्या, "शाब्बास! अगदी बरोबर."

आणि त्या चार-पाच सेकंदांत जिजा उत्तर द्यायची. मोठ्याने आणि स्वच्छ आवाजात.

मित्रांनो, तिला वेडी समजू नका. तिची बहीण द्वारका रोज रात्री अल्पेशच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून तिच्याशी बोलायची. समोर माणूस दिसतंय, आपल्याला विचारतंय, थांबतंय, मग ऐकतही असणार, असं तिने धरलं तर त्यात तिचं काय चुकलं? तरी तिने एकदा अल्पेशला विचारलं होतं. "बाईना माजा आवाज जातंय ना रं?"

अल्पेशचं डोकं त्याच्या मोबाइलमध्ये. तो म्हणाला, "जातो गं आई. जरा मोठ्याने बोल."

त्या दिवसापासून ती आणखी मोठ्याने बोलू लागली. शेजारणी हसायच्या, हिला पर्वा नव्हती. बाई म्हणायच्या, "उत्तर लिहून मला दाखवा," की ही वही माझ्या काचेसमोर धरायची आणि हात दुखेपर्यंत धरून ठेवायची. माझा कॅमेरा मिटलेला. मला आतून ओरडावंसं वाटायचं की अगं बाई, फोटो काढ, तो पाठव, हे असं कुणाला दिसत नाही! पण आम्हा यंत्रांचं तोंड दुसऱ्याच्या हाती असतं. दिवाळीत तिने अंगणात मोराची रांगोळी काढली आणि बाईंना दिसावी म्हणून मला वरून आडवं धरलं. त्याच दिवशी तिने लाजत विचारलं, "बाई, तुमाला सुकी मासली, जवला चालतं का?" आणि नशीब बघा, नेत्राबाई नेमक्या तेव्हाच म्हणाल्या, "हो, अगदी बरोबर." ते शुद्धलेखनाबद्दल होतं. पण जिजा दिवसभर खूश होती.

ती शिकत होती हे मात्र खरं. समीकरणं सोडवायला लागली होती. चुकायचीही, आणि चुकलं तरी शाब्बासकी मिळायचीच, म्हणून तीच चूक ती महिनोन्महिने घोटत राहिली. उणे गुणिले उणे तिच्या वहीत शेवटपर्यंत उणेच राहिलं. खुशीच्या थेट तासात बाईंनी पहिल्याच दिवशी कान धरला असता.

ग्रुपला नंबर दिला होता अल्पेशचा. रविवारच्या हजेरीचे निरोप तिथे आले, वह्यांचे आले, शेवटचा इशाराही आला. अल्पेशने तो ग्रुप पहिल्याच आठवड्यात मुका करून टाकला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. गोदामात दिवसभर फोन वाजतो, एक आवाज कमी झाला, इतकंच त्याला वाटलं.

परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस आले तेव्हा जिजा स्वतःहून वसईला निघाली. पिशवीत मी होतो, चार भरलेल्या वह्या होत्या, आणि डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी. नवी साडी नेसली होती. केंद्राच्या दारात नेत्राबाई समोरूनच आल्या. जिजाने वाकून नमस्कार केला. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"ताई, तुम्ही कोण? नवीन नाव घालायचंय का?"

जिजा हसली. बाई मस्करी करतात असं वाटलं तिला. "बाई, मी जिजा. चार वाजताची."

"चार वाजता माझा तास नसतो, ताई."

पिशवीत मी तिच्या कमरेला लागून होतो. तिने पिशवीवरून मला घट्ट दाबून धरलं.

नेत्राबाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, नोंदी काढल्या. हजेरी शून्य, एकही वही पोचलेली नाही, आणि परीक्षेला बसणाऱ्यांची यादी आठवड्यापूर्वीच बोर्डाकडे गेली होती. मग त्यांनी तिला सगळं समजावलं. थेट तास कुठला, आधी बोलून ठेवलेला धडा कुठला, दोन्हीला केंद्राची जोड कशी द्यायची. किती सोपं करून सांगितलं! नाव घालताना कुणी एवढी दहा मिनिटं दिली असती तर? चारही वह्या त्यांनी चाळल्या आणि त्यांचेच डोळे भरले. पुढच्या वर्षी नक्की बसा, म्हणाल्या. पण जून काही पुढच्या वर्षावर ढकलता येत नव्हता.

जिजाने एवढंच विचारलं, "म्हंजे मी इतकं दिस एकटीच बोलत व्हते?"

डबा तिने तरीही टेबलावर ठेवला.

घरी अल्पेश हादरून गेला. मला वाटलं तू गंमत करतेस, असं काहीतरी पुटपुटत राहिला. जिजा त्याला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याचं तोंड सांगत होतं. जूनमध्ये बालवाडीत विरारची एक मुलगी मोठ्या बाई म्हणून आली. जिजाने पहिल्या दिवशी तिची खुर्ची पुसून दिली आणि खिचडी ढवळायला गेली. चार वाजता आता ती धुणं धुते. शेजारणींनी विचारलं, आवाज येत नाही गं तुझा, तर म्हणाली घसा बसलाय.

मग एक दिवस ती मला परत करायला केंद्रात आली. नेत्राबाईंनी खूप समजावलं, पण तिने मान हलवली. पदराने माझी काच पुसली, तड्याच्या कडेची धूळसुद्धा काढली, आणि मला त्यांच्या हातात देत म्हणाली, "बाई, दुसऱ्या कुनाला द्याल तवा शेजारी बसून सांगा तिला. हा ऐकत नाय, म्हनावं."

खरं आहे, मित्रांनो. मी ऐकत नाही. तुमच्या घरात कुणी माझ्यासारख्या काचेसमोर बसून मोठ्याने उत्तरं देत असेल, तर हसू नका, आणि डोकं खाली घालून 'जातो गं' म्हणू नका. दोन मिनिटं जवळ बसा आणि तुम्ही ऐका.