तिसऱ्या ओळीवरची काट

मित्रांनो, मी एक जुने अ‍ॅक्सिलरेटर कार्ड आहे. नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. संगणकाचा मेंदू हुशार असतो, पण तो बरीचशी कामे एकामागून एक करतो. फार मोठे काम आले की तो ते माझ्याकडे देतो. भीमजयंतीच्या जेवणासाठी चाळीतल्या साऱ्या बायका एकदम पोळ्या लाटायला बसतात ना, तसे माझ्या अंगातले असंख्य छोटे हात एकदम कामाला लागतात.

माझा जन्म दूरदेशी एका कारखान्यात झाला. तो मला फारसा आठवत नाही. आठवते ते लोअर परळचे काचेचे ऑफिस. तिथे पूर्वी गिरणी होती म्हणे. जाहिरातींतली चित्रे हलवणे हे माझे काम. पुढे नवी कार्डे आली आणि मी भंगाराच्या खोक्यात गेले. तिथे नोकरीला असलेल्या विकासने साहेबांना विचारून मला मागून घेतले, टॉवेलात गुंडाळले आणि वरळीच्या बीडीडी चाळीत आणले.

चाळीच्या तळमजल्यावर मुलांची अभ्यासिका होती. तिथल्या संगणकात विकासने मला बसवले. पण नुसते बसवून भागत नाही. संगणकाची भाषा वेगळी, माझी वेगळी. मधे एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो नीट टाकला नाही, तर मी आत असूनही संगणकाला दिसत नाही. म्हणून विकासने एका कागदावर वळणदार अक्षरात सगळी कृती लिहिली आणि भिंतीला चिकटवली. त्यातली तिसरी ओळ तेवढी ध्यानात ठेवा: ‘आधी ड्रायव्हर टाका, मग संगणक अपडेट करा.’ त्या वेळी ती ओळ बरोबर होती.

अभ्यासिका सांभाळणाऱ्या नम्रताला तो म्हणाला होता, “सारखं मला फोन नको करूस. वाच आणि कर. नाही जमलं तर कागदाला शिव्या घाल, मला नको.”

माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस ते. चाळीत राधाबाई नावाच्या आजी राहत. त्यांचे यजमान कोंडीराम गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत आणि जयंतीला पटांगणात गात. ते जाऊन बरीच वर्षे झाली होती. मागे उरल्या होत्या बिस्किटांच्या डब्यातल्या कॅसेटी. त्यांत गाण्यापेक्षा लाउडस्पीकरची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्नच जास्त. आजींचे कान मंद होत चालले होते. त्या गोंगाटातून त्यांना नवऱ्याचा आवाज वेगळा काढता येईना. ते काम माझ्याकडे आले. तांदळातले खडे निवडावेत तसा मी गोंगाट निवडून बाजूला केला.

पहिली कॅसेट आजींनी कान लावून ऐकली. मग नम्रताला म्हणाल्या, “खोकला काढलास व्हय गं? तो ठेव. गिरणीचा खोकला हाय, त्यांचाच हाय तो.”

नम्रताने खोकला परत घातला.

डब्यात एक कॅसेट मात्र ओलीने चिकटून बसली होती. आजींचा सगळा जीव तिच्यात होता. घरात कोंडीराम त्यांना ‘अगं ए’ म्हणत. नाव कधी घेतले नाही. एकदाच घेतले, भर कार्यक्रमात, साऱ्या चाळीदेखत, आणि ते त्या कॅसेटीत होते. कान पुरते जाण्याआधी आजींना ते एकदा ऐकायचे होते. विकासने ती कॅसेट दुरुस्तीला दिली आणि आणून देण्याचा शब्द दिला.

तो शब्द पुरा करायला तो राहिला नाही. कावीळ झाली, ती त्याने अंगावर काढली, आणि दवाखान्यातून तो परत आला नाही.

अभ्यासिकेत त्याचा फोटो लागला. फोटोशेजारी तो कागद, आता प्लास्टिकच्या कवचात. जयंतीला दोन्हींना हार घालत. मुले फोटोला जयभीम करून संगणकाला हात लावत.

मग एका अपडेटने संगणकाचे अंतरंगच बदलले. आधी टाकलेल्या ड्रायव्हरला आता तिथले कोणी ओळखेना. खटपट करून नम्रताने शोधून काढले की क्रम उलटा हवा: आधी अपडेट, मग ड्रायव्हर. ती पेन घेऊन कागदापाशी गेली. पण पेन परत ठेवले.

“दादाच्या अक्षरावर काट मारायची? नाही होणार माझ्याच्यानं,” ती म्हणाली.

तेव्हाच्या मुलांना तिने खरा क्रम तोंडी सांगितला. सगळ्यांना ठाऊक झाले. लिहिले कोणीच नाही.

पुढे नम्रता नोकरीसाठी हैदराबादला गेली. ती मुले मोठी होऊन पांगली. चाळ पाडायचे ठरले, आणि अभ्यासिका टेंपोत बसून, नवी घरे होईपर्यंत राहायच्या संक्रमण शिबिराच्या एका खोलीत आली. फोटो आला, कागदही आला. विकासने दुरुस्तीला दिलेली कॅसेटही तेव्हाच, इतक्या वर्षांनी, दुकानातून राधाबाईंच्या हाती आली. आता अभ्यासिका मयूर नावाच्या नव्या मुलाकडे होती. त्याने संगणक नव्याने लावला आणि कागदावर बोट ठेवून एकेक ओळ पाळली. तिसरीसुद्धा. पडद्यावर आले: कार्ड सापडत नाही.

मित्रांनो, मी तिथेच होते. माझा पंखा फिरत होता. पण दुभाष्या नसलेल्याने हाक कशी मारावी? मयूरने मला काढले, पुसले, पुन्हा बसवले, पुन्हा तोच कागद वाचला. शेवटी त्याच्या मनाने घेतले की टेंपोत मला धक्का बसला आणि आपल्या हातून कार्ड गेले. लाजेपायी त्याने नम्रताला फोनही केला नाही. मला कपाटात ठेवले, जयंतीच्या पताकांखाली.

राधाबाई पदरात कॅसेट घेऊन येत आणि विचारत, “झालं का रे मशीन बरं?”

“बघतो, आजी,” मयूर म्हणे. दर खेपेला त्याला ते आणखी मोठ्याने म्हणावे लागे. मग आजी यायच्या थांबल्या.

जयंतीला नम्रता आली. पताका काढताना तिला मी सापडले. मयूरने खाली मान घालून सगळे सांगितले. कसे लावलेस, असे तिने विचारताच त्याने भिंतीकडे बोट केले.

“अरे, तिसरी ओळ उलटी करायची असते,” ती म्हणाली.

“कुठे लिहिलंय, ताई?”

नम्रताने मला उचलून संगणकात बसवले.

योग्य क्रमाने ड्रायव्हर पडला आणि मी जागे झाले. कॅसेट साफ झाली. खोलीत कोंडीरामांचा आवाज स्वच्छ उमटला: “माझ्यामागं कोरसला उभी हाय ती राधा. ती नसली तर माझा सूर लागत नाय.”

आजींना बोलावून आणले. आवाज पार वर नेला. आजी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिल्या.

“लावलं का?” त्यांनी विचारले.

नम्रता त्यांच्यासमोर बसली आणि ते शब्द सावकाश, ओठ हलवून म्हणाली. आजींनी ओठ वाचले.

“हसले का म्हणताना?”

नम्रताने हो म्हणून मान डोलावली.

“मग तीच ही कॅसेट,” आजी म्हणाल्या, आणि कॅसेट पदरात बांधून निघून गेल्या.

विकासची आई, ललिताबाई, दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्यांनी काय झाले ते विचारून घेतले. मग भिंतीवरचा कागद उतरवला आणि कात्रीने प्लास्टिक कापले. मयूर नको म्हणत होता.

“हात धरून मीच त्याला गिरवायला शिकवलं,” त्या म्हणाल्या. “चुकलं की खोडायला लावायचे. माझी काट त्याला चालेल.”

तिसऱ्या ओळीवर त्यांनी एक सरळ रेघ मारली. खाली नम्रताने खरा क्रम लिहिला. आता तो कागद प्लास्टिकशिवाय टाचणीने लावलेला आहे. शेजारी दोऱ्याला पेन बांधले आहे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ तुम्ही पुसालच. पण जो तुमच्यासाठी काही लिहून गेला, त्याच्या कागदावरही हात फिरवत जा. काही चुकीचे झाले असेल, तर तिथेच, त्याच कागदावर दुरुस्त करा. तुमच्यामागून येणारा तोच वाचणार असतो. संध्याकाळी मुले गेली की मी कोंडीरामांची आणखी एक कॅसेट निवडायला घेते. खोकला तेवढा राहू देते.