विहीणबाईंसाठी मांडलेला ट्रे

मी एक जुना लाकडी ट्रे आहे. मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. माझी एक कड तुटली आहे आणि रंगही उडाला आहे, हे मला ठाऊक आहे. पण एका दुपारी मी जे पेलले, ते चांदीच्या ताटालाही पेलले नसते. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

एका सुताराने मला अखंड फळीतून घडवले. त्याने मला इतके घासले की त्याचा स्वतःचाच तळवा माझ्यावरून घसरू लागला. माझी पहिली नोकरी एका कचेरीच्या उपाहारगृहात होती. चहाचे कप काठोकाठ भरून नेले तरी मी थेंब सांडू देत नसे, आणि लोक तसे बोलूनही दाखवत. पुढे रंगीत प्लास्टिकचे ट्रे आले. मी एकदा हातातून पडलो, माझी कड तुटली आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

तिथे पडद्यांची मापे घ्यायला एक शिंपीणबाई आल्या. त्यांनी मला पाहिले, झटकले आणि मागून घेतले. त्यांच्या दुकानात मी बटणे, रिळे आणि खडू सांभाळू लागलो. त्या मला जपत असत, पण अन्नाचा ऊन वास मी विसरून गेलो. त्याचे मला फार वाईट वाटे.

मग बाईंच्या मुलाने जपानी मुलीशी लग्न केले आणि सूनबाई घरी आल्या. त्या गुणी होत्या, आपली भाषाही थोडीथोडी बोलू लागल्या होत्या. पण त्यांच्या आई लग्नाला आल्याच नव्हत्या. परक्या घरात आपल्या लेकीचे कसे निभेल, या काळजीने त्या रुसून बसल्या होत्या. आता त्या येणार होत्या, तेही फक्त दुपारच्या जेवणापुरत्या. जेवून पुन्हा हॉटेलवर आणि सकाळी विमान. तेवढ्या वेळात विहीणबाईंचे मन निवले नाही, तर सूनबाई जन्मभर दोन्ही घरांमध्ये लोंबकळत राहिल्या असत्या.

बाईंनी ठरवले की जेवण आपण करायचे, वाढायचे आणि बोलायचेही आपणच. त्यांच्या जाऊबाईंना हसू आले. "या वयात नवी भाषा? पालथ्या घड्यावर पाणी," त्या म्हणाल्या.

"घडा माझा आहे ना? मग ओतू दे मला," बाई म्हणाल्या.

त्याच दिवशी माझी बटणे डब्यात गेली. सूनबाईंनी मला स्वच्छ धुतले. त्यांच्या माहेरी प्रत्येकाचे जेवण असे वेगळ्या ट्रेवर मांडत असत. कापड बेतायच्या टेबलावर मी मधोमध, एका बाजूला सासू, समोर सून, अशी आमची शाळा भरू लागली. सूनबाई माझ्यावर एकेक रिकामे भांडे ठेवत आणि शब्द सांगत. गोहान म्हणजे भात, आणि जेवणसुद्धा. सकाळचे ते आसागोहान, दुपारचे हिरुगोहान, रात्रीचे बानगोहान. शिरु म्हणजे सूप. जेवायच्या काड्या म्हणजे हाशी. जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणायचे, जेवण झाले की 'गोचिसोसामा'. आणखी हवे असेल तर 'ओकावारी'.

बाई शिलाई मारता मारता शब्द घोकत. एकदा एका गिऱ्हाइकाला झंपर देताना त्यांच्या तोंडून 'गोचिसोसामा' निघून गेले. ती बिचारी झंपर उलटसुलट करून पाहत राहिली.

सूनबाईंनी एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा बजावली होती. जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला भात, उजव्या हाताला सूप. त्यांच्याकडे उलटी मांडणी मेलेल्या माणसापुढे करतात.

तो दिवस उजाडला. मुलगा आणि सूनबाई विहीणबाईंना आणायला हॉटेलवर गेले. बाकीच्यांना ताटे होती, ट्रेचा मान फक्त विहीणबाईंचा. बाईंनी भाजलेला मासा, उकडलेली भाजी, वाफाळता भात आणि सूप केले. मग शाळेतली मांडणी डोळ्यांपुढे आणून त्यांनी मला सजवले. पुढच्या कडेला हाशी, उजवीकडे भात, डावीकडे सूप.

मित्रांनो, सगळे उलटे झाले होते. बाई रोज सूनबाईंच्या समोर बसत असत. सुनेची डावी बाजू त्यांना उजवी दिसली होती आणि तशीच मनात बसली होती. पाहुणीपुढे मेलेल्या माणसाचे जेवण जाणार होते, आणि मला तोंड नव्हते. खाली गाडीचे दार वाजले.

पण बाई जातीच्या शिंपीण. घालून पाहिल्याशिवाय त्यांनी आजवर एक कपडा गिऱ्हाइकाला दिला नव्हता. ट्रे उचलण्याआधी त्या सवयीने स्वतःच माझ्यापुढे बसल्या. सूनबाई धरत तशा उजव्या हातात हाशी धरल्या आणि भाताचा वाडगा उचलायला डावा हात पुढे केला. हात सुपावर पडला.

"अगं बाई, बाह्या उलट्या लागल्या की," त्या पुटपुटल्या, आणि झटकन वाडगे बदलले. जिन्यावर पावले वाजली तेव्हा भात माझ्या डाव्या अंगावर होता आणि माझा जीव भांड्यात पडला होता.

विहीणबाई बसल्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले, मग लेकीकडे. लेकीने दोन्ही हात वर करून दाखवले, की यात माझा हात नाही. शिंपीणबाईंनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "इतादाकिमासु." विहीणबाईंनी मान लववली. मग त्या जेवू लागल्या.

भात संपला. विहीणबाईंनी वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला. "ओकावारी," त्या हळूच म्हणाल्या.

बाईंनी असा शिगोशीग भात वाढला की भार माझ्या तुटक्या कडेपर्यंत पोचला. मी डगमगलो नाही. एवढे ऊन, एवढे मानाचे ओझे मी उभ्या आयुष्यात उचलले नव्हते.

जेवणानंतर विहीणबाई लेकीशी काहीतरी बोलल्या. सूनबाईंचे डोळे भरून आले. "आई," त्या सासूला म्हणाल्या, "माझी आई म्हणते, तू इथे सुखात आहेस का, असं मला विचारायला ती आली होती. आता नाही विचारत."

मुलगा गाडीची किल्ली घेऊन उठला. विहीणबाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी रिकामा वाडगा माझ्यावर नीट डावीकडे ठेवला, शिंपीणबाईंकडे पाहिले आणि एकच शब्द विचारला, "बानगोहान?"

कोणाला अर्थ सांगावा लागला नाही. बाई तांदूळ धुवायला उठल्याही होत्या.

तेव्हापासून मी पुन्हा स्वयंपाकघरात आहे आणि बटणांनी आपले पाहून घेतले आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा जुना ट्रे अडगळीत पडला असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, आणि त्यावर कोणाला तरी प्रेमाने वाढा. मात्र वाढण्याआधी एकदा जेवणाऱ्याच्या जागी बसून पाहा.