न पिणारा दगड

भोकात सोडलेली मोजफीत पाण्याला टेकली आणि चकरीतून बारीक ‘पीं’ वाजलं. मल्लेश्वरीनं अंगठा आकड्यावर दाबून धरला. चार मीटर, सहा सेंटिमीटर. काल तेच, परवाही तेच. आज मोजणीचा एकविसावा, शेवटचा दिवस.

बांधावर बसलेला तिचा दीर वीरेश हळूच म्हणाला, “वैनी, हातभर खाली लिवा की. कोन बघायलंय?”

तिनं होता तोच आकडा वहीत लिहिला. अंघोळ, कपाळी विभूती, तळहातावरच्या इष्टलिंगाची पूजा, मगच तोंडात पाण्याचा घोट. आणि दिवसभरात एक खोटा शब्द नाही. तीस वर्षांचं व्रत होतं ते. त्यावर विसंबूनच सरकारी खात्याच्या स्नेहामॅडमनं हे काम तिला दिलं होतं.

कमलनगरच्या अलीकडच्या या माळावर मॅडमच्या खात्यानं खोल भोक पाडलं होतं. अणुवीज करताना उरणारा जहाल कचरा काचेत ओतून, पोलादी डब्यांत भरून खडकाच्या पोटात पुरायचा, त्यासाठी भेग नसलेला दगड हवा होता. भोकात भरलेलं पाणी उतरलं तर खडक फुटका. खातं दुसऱ्या गावाला जाणार. नाही उतरलं तर तिचं हे शेत ताब्यात, भोवती कुंपण.

आणि शेताच्या कोपऱ्यात तिचे यजमान महादेवप्पा बसले होते. नऊ वर्षांपूर्वी वारल्यावर समाजाच्या रीतीनं, मांडी घालून, हातात लिंग देऊन मातीत बसवलेले. त्यांच्या डाव्या अंगाची तीन हात जागा तिनं स्वतःसाठी राखली होती. खुणेला बेलाचं रोप.

हयातभर त्यांनी या शेतात पाणी शोधलं. तळहातावर नारळ धरून उन्हातान्हात फिरले. तीन बोअर पाडले. तिन्हींतून नुसती धूळ उडाली. लोक हसले. ते एवढंच म्हणायचे, “मल्ली, हा दगड थेंब पीत न्हाई आन् देत बी न्हाई.” तेव्हा ती एका भेगेसाठी देवाला साकडं घालायची. गेले एकवीस दिवस पुन्हा तेच मागत होती.

ऊन चढल्यावर जीप आली. वही बघताना मॅडमचा चेहरा उजळला. मग नजर बेलाकडे गेली, आणि तिनं वही मिटली.

“किती वर्सं बंद ऱ्हाईल हे?” मल्लेश्वरीनं विचारलं.

“लाख वर्षं तरी, अक्का.”

मल्लेश्वरीला हसू आलं. “तेवढे दिस राखन कोन करंल?”

“म्हणून तर असा दगड शोधत होतो. माणसांचं काय सांगावं.”

“आमच्या ह्येनी कवाच सांगितलं होतं ह्यो दगड कसाय ते. तवा लोक हसले.”

समाधी हलवायची परवानगी काढता येईल, खर्च खातं करील, असं मॅडम चाचरत सांगू लागली. मल्लेश्वरीनं मान हलवली.

“बसलेल्या मानसाला उठवत न्हाईत, बाई.”

जीप गेली. वीरेशही उठून गेला. रोजच्यासारखा तांब्या घेऊन ती समाधीपाशी आली. पाणी ओतलं, मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. उरलेलं तिनं बेलाच्या बुडाशी घातलं. मग पदर सावरून तिथंच, त्यांच्या डाव्या अंगाला, आपल्या जागेवर मांडी घालून बसली.